निळ्या बोटांचे मिस्त्री

मिस्त्रींच्या दोन्ही हातांची बोटं निळी होती. दहाच्या दहा, नखांच्या आतपर्यंत. साबणाने तो रंग जात नसे, रॉकेलने जात नसे, आणि जावा असं त्यांना कधी वाटलं असेल असंही नाही. लोखंडाचा पृष्ठभाग सपाट झालाय का ते बघायला टूल रूममध्ये निळा रंग वापरतात. दिसायला शाईसारखा, पण लोण्याइतका घट्ट. बाकीचे लोक तो फडक्याने लावतात. मिस्त्री बोटाने लावत. किती लागला ते फडक्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या बोटांमुळे एकदा त्यांच्या गावच्या मतदान केंद्रावर गोंधळ झाला होता. ही गोष्ट आमच्या कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवली जायची. शाई लावणाऱ्या बाई त्यांचा हात बघून म्हणाल्या, तुमचं मतदान झालेलं आहे. मिस्त्री म्हणाले, झालं असतं तर एका बोटाला लागली असती, मी काय दहा वेळा केलं का? मग यादी काढली, नाव तपासलं, मतदान झालेलं नव्हतं. बाईंनी डाव्या तर्जनीवर शाईची रेघ ओढली. ती कुठे गेली ते कोणालाच दिसेना. बाई पुन्हा लावायला लागल्या तेव्हा मिस्त्रींनी हात मागे घेतला. नियमाने एकदाच, म्हणाले, आणि मत देऊन घरी गेले.

मी चौलची. घरची नारळ-सुपारीची वाडी. डिप्लोमा झाल्यावर मला अलिबागच्या एका कॉलेजात पदवीचा असा कोर्स मिळाला, की आठवड्यातले चार दिवस कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करायचं आणि शुक्रवार-शनिवार वर्गात बसायचं. बाबांना त्यातलं एवढंच समजलं होतं, की मुलगी कॉलेजला आहे पण कॉलेजला जात नाही. कारखाना रोह्याकडच्या रस्त्याला, जहाजांना लागणारे पंप बनवणारा. आम्ही नऊ जण होतो. त्यात मुली दोन, मी आणि मुरुडची रुबीना. रुबीनाच्या घरचं चार खोल्यांचं लॉज होतं, त्यामुळे कोणत्याही माणसाशी गोड कसं बोलायचं हे तिला लहानपणापासून येत होतं. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

पहिल्या दिवशी आम्ही काचेपलीकडच्या संगणकावर चालणाऱ्या मोठ्या मशीनकडे डोळे लावून उभे होतो. मिस्त्रींनी प्रत्येकाच्या हातात साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा तुकडा आणि एक कानस दिली.

"हा सपाट करा," म्हणाले, आणि निघून गेले.

आम्हाला वाटलं तासाभराचं काम असेल. ते तीन आठवडे चाललं. कानशीने घासायचं, निळा रंग लावलेल्या सपाट पाटावर तो तुकडा ठेवून हळूच सरकवायचा, उचलून बघायचं. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तेवढाच काढायचा. तेवढाच काढायला गेलं की दुसरीकडे उंचवटा निघायचा. मिस्त्री येऊन तुकडा उचलत, अंगठा फिरवत आणि परत ठेवत. चूक आहे असं ते कधीच म्हणत नसत. "अजून भेटूया," एवढंच म्हणत. तिसऱ्या आठवड्यात माझी साबणाची वडी रुबीनाच्या लॉजमधल्या साबणाएवढी उरली होती. त्या दिवशी मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि तुकडा परत ठेवण्याऐवजी खिशात टाकला. पास झाले हे मला जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी समजावून सांगितलं.

त्यांचा जन्म कोळ्यांच्या घरातला. वडिलांची होडी होती. आठवीत शाळा सुटली ती होडीचं इंजिन दुरुस्त करताना, आणि मग इंजिनच धरून ते कारखान्यापर्यंत आले. त्यांच्या बोलण्यात 'ळ' नव्हताच. निळ्याला ते निला म्हणत, वेळेला वेल. घड्याळ वापरत नसत, पण भरती किती वाजता आहे हे त्यांना रोज ठाऊक असे. कारखाना समुद्रापासून बराच आत, तिथे भरतीचा कोणाला काही उपयोग नव्हता. तरीही सकाळी हजेरी घेताना ते आधी भरतीची वेळ सांगत आणि मग आमची नावं घेत.

हात लावल्याशिवाय त्यांना काही कळतच नसे. बाजारात पापलेट घेताना त्यांचा अंगठा माशावरून डोक्याकडून शेपटीकडे असा फिरायचा, की कोळणी म्हणायच्या, दाजी, घ्यायचा हाय का पालिश करायचा हाय. एस.टी.तून उतरले की ते चाकाच्या मधोमध हाताचा पंजा ठेवून उभे राहत. एकदा त्यांनी चालकाला सांगितलं की मागचं डावं बेअरिंग जास्त गरम आहे, मुरुडपर्यंत पोचेल, येताना नाही. चालक हसला. येताना गाडी साळावच्या पुलाच्या अलीकडे बसली. तेव्हापासून तो चालक आमच्या थांब्यावर गाडी अर्धं मिनिट जास्त थांबवायचा आणि मिस्त्री चारही बाजूंनी फिरून मान हलवेपर्यंत गिअर टाकायचा नाही. आत बसलेल्या लोकांना वाटायचं, कोणी मोठा अधिकारी आहे.

आता कॉलेजच्या सरांबद्दल सांगायला हवं, कारण सरांशिवाय मिस्त्रींची गोष्ट पुरी होत नाही. आम्हाला उत्पादनाचा विषय शिकवणारे सर घाटावरचे, तरुण, हुशार, फळ्यावर वर्तुळ काढायचे तर हाताने काढलेलं वाटायचं नाही. एका शुक्रवारी मी वर्गात, जरा कौतुकाने, आम्ही तीन आठवडे हाताने लोखंड घासलं असं सांगितलं. सर म्हणाले, हे काम आता ग्राइंडिंग मशीन दहा मिनिटांत आणि जास्त सपाट करतं. तुमच्या मिस्त्रींना विचारा, वेळ का घालवता.

सोमवारी मी ते मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुज्या सरांना इचार, त्या मशीनचा बेड, ज्याच्यावर तुकडा ठेवतात तो, कोणी सपाट केला?"

शुक्रवारी मी हे सरांना सांगितलं. सर पुढच्या तासाला दोन पानांचं उत्तर लिहून घेऊन आले. पुढच्या सोमवारी त्या दोन पानांवर मिस्त्रींचं एक वाक्याचं उत्तर तयार होतं. अशी ती भांडणं सुरू झाली. लोखंड तापल्यावर किती वाढतं, तेल कधी टाकायचं, माप घेताना हाताची ऊब धरायची की नाही. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. सोमवार ते गुरुवार एक जण आमच्या तोंडून बोलायचा आणि शुक्रवार-शनिवार दुसरा. आम्ही नऊ जण नुसते टपाल झालो होतो.

टपाल हळूहळू कडक व्हायला लागलं. एकदा सर म्हणाले, त्यांना सांगा, अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे. मला हे नेऊन पोचवायचा धीर होईना. तेव्हा रुबीना म्हणाली, टपाल माझ्याकडे द्या. तिने सोमवारी मिस्त्रींना सांगितलं, की सरांनी सलाम सांगितलाय आणि तुमच्या अंदाजाबद्दल त्यांना फार कुतूहल आहे. मिस्त्री खूश झाले. म्हणाले, सांग त्याला, एकदा येऊन हात काले करून जा, मंग कलेल. शुक्रवारी रुबीनाने सरांना सांगितलं, की मिस्त्रींनी तुम्हाला सवडीने कारखाना बघायला आग्रहाचं बोलावणं केलंय. असं जवळजवळ वर्षभर चाललं. दोघंही मनातून समजत होते, की माणूस मतांचा हट्टी आहे, पण काय सभ्य आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शेवटी कॉलेजातून कारखान्याला एक पत्र आलं. कारखान्यात जो शिकवतो त्याच्याकडे त्या कामाचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर त्याची सही असलेले शिकाऊ मुलांचे तास धरले जाणार नाहीत. आमच्या प्रत्येकाकडे एक जाड नोंदवही होती. रोज काय काम केलं, किती तास केलं, कोणाच्या हाताखाली केलं, असं तिच्यात लिहायचं आणि शेवटी शिकवणाऱ्याने सही करायची. मिस्त्रींकडे प्रमाणपत्र नव्हतं. आठवीच्या पुढचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. म्हणजे आम्हा नऊ जणांचं वर्ष बुडत होतं.

मॅनेजर साहेबांनी सोपा मार्ग काढला. पलीकडच्या विभागात एक नवा इंजिनिअर होता. शिकवतील मिस्त्रीच, सही इंजिनिअर करेल. आम्ही सगळे मनातल्या मनात सुटलो. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, टूल रूमच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेच्या साखळीतून सोडवल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

"त्यानं शिकवलं न्हाय, तर त्यानं सही का करायची? त्याला सही करायची असंल तर शिकवू द्या त्याला."

साहेबांनी समजावलं. त्यात फसवणूक काही नाही, नुसता कागद आहे. मिस्त्री म्हणाले, मापाचा तक्तासुदा कागदच असतो, त्याच्यावर खोटा आकडा मी कधी लिवला न्हाय. इंजिनिअर बिचारा खाली मान घालून उभा होता. तो चांगला मुलगा होता आणि त्यालाही सही करायची नव्हतीच.

आम्हाला मिस्त्रींचा फार राग आला. हे सांगताना आज मला थोडी लाज वाटते, पण तेव्हा आला. एका माणसाच्या ताठपणापायी नऊ जणांचं वर्ष. मी दुपारी कॅन्टीनमागच्या बदामाच्या झाडाखाली गेले. मिस्त्री तिथे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खात बसलेले असत. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. माझ्या आधी आमच्या घरात कोणी पदवीपर्यंत गेलं नाही, बाबांनी माझ्या लग्नाचा विषय दोन वर्षं या एका कोर्सच्या भरवशावर मागे टाकलाय, आणि तुम्ही एका सहीसाठी अडून बसलाय.

त्यांनी भाकरीचा घास संपवला. मग हात धुतले. मग म्हणाले, "ती परीक्षा मला देता येते का, ते बघ."

परीक्षा होती. अनुभवी कामगारांसाठीच असते. प्रात्यक्षिक आणि लेखी. लेखी म्हणजे संगणकावर प्रश्न, खाली चार उत्तरं, त्यातल्या एकावर माऊसने खूण करायची. प्रात्यक्षिकाची कोणालाच काळजी नव्हती. पण ज्यांनी चाळीस वर्षांत वर्तमानपत्राच्या मथळ्यापलीकडे काही वाचलं नव्हतं त्यांनी लेखी कसं द्यायचं? आम्ही नऊ जणांनी बैठक घेतली आणि सरांकडे जायचं ठरवलं. गेलो मी आणि रुबीना. सर म्हणाले, इतक्या सभ्य माणसासाठी एवढं करायलाच हवं. शुक्रवारी वर्गात येऊन बसू द्या त्यांना.

रुबीनाने माझ्याकडे बघितलं नाही.

मिस्त्री शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने आले. लग्नाकार्याचा पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात जेवणाचा डबा. दारातच सर आणि ते समोरासमोर आले आणि दोघांनीही एकदमच वाकून नमस्कार केला. तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय, असं सर म्हणाले. मीबी, मिस्त्री म्हणाले, तुमी फार कौतुकानं इचारता. रुबीनाला त्याच वेळी पाणी प्यायला जावं लागलं.

मिस्त्री शेवटच्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या बाक हलवून बघितला. तो डुगडुगत होता. मधल्या सुट्टीत त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली घातली, मग पुढचा बाक, मग त्याच्या पुढचा. दुपारपर्यंत वर्गातला एकही बाक हलत नव्हता. तासाला ते बोट वर करून परवानगी मागत. ते निळं बोट वर आलं की सर खडू थांबवायचे. बहुतेक वेळा मिस्त्रींना काही विचारायचं नसे, सरांनी फळ्यावर लिहिलेली गोष्ट खरोखर कुठे घडली होती ते सांगायचं असे. लोखंड तापल्यावर वाढतं याचं सूत्र सरांनी लिहिलं, तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं, की एकदा सकाळी बनवलेला दांडा दुपारी भोकात जाईना म्हणून मी माठाच्या पाण्यात बुडवून घातला, तोच हिशोब हा काय? तोच, सर म्हणाले. मिस्त्रींनी सूत्र वहीत उतरवून घेतलं आणि त्याच्याभोवती चौकट काढली. चाळीस वर्षं आपण जे करत होतो त्याला नाव आहे, याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. सरांनी तो तास पुढे शिकवलाच नाही. माठाबद्दल विचारत बसले.

महिन्याभराने सर कारखान्यातही आले. मिस्त्रींनी त्यांना लोखंडाचा तुकडा आणि कानस दिली. सर दिवसभर घासत होते. संध्याकाळी मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि आम्हाला जे ऐकवायचे तेच त्यांना ऐकवलं. सरांच्या तळहाताला तीन फोड आले होते. ते त्यांनी शुक्रवारी वर्गाला दाखवले.

खरा घोळ माऊसचा होता. केसाच्या जाडीतला फरक अंगठ्याला कळणाऱ्या माणसाला पडद्यावरचा बाण गोलात नेता येईना. बाण गोलावरून पुढे निघून जायचा, परत आणला की दुसरीकडून पुढे जायचा. मी रोज सुटल्यावर अर्धा तास स्टोअरच्या संगणकावर त्यांचा सराव घ्यायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी माऊस उलटा केला, चाक हलवलं आणि म्हणाले, ह्याच्यातच प्ले हाय, आत ढिला हाय. मला वाटलं, हार लपवतायत. पण त्यांनी तो उघडला, आतला कचरा काढला, एका सैल पडलेल्या तुकड्याखाली कागदाची चिकटपट्टी लावली आणि बंद केला. मग बाण खरोखरच सरळ चालायला लागला. स्टोअरचा कारकून वर्षभर त्या माऊसला शिव्या देत होता.

परीक्षा मंगळवारी होती, पनवेलला. प्रात्यक्षिकात परीक्षकाने त्यांचं काम उचलून दुसऱ्या परीक्षकाला नेऊन दाखवलं, असं नंतर कळलं. लेखीत मिस्त्री नापास झाले.

बुधवारी त्यांनी ते स्वतःच सांगितलं, हजेरीच्या वेळी. आधी भरती साडेदहाला, मग मी नापास, मग आमची नावं. दुपारी मी आणि रुबीनाने विचारलं, काय झालं. अकरा प्रश्न त्यांनी सोडूनच दिले होते. येत नव्हते म्हणून नव्हे. एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर होती, एकाचं एकही नव्हतं, एक पितळेवर खरं होतं पण पोलादावर खोटं, आणि कोणत्या धातूचं विचारताय ते लिहिलेलं नव्हतं. अर्धं बरोबर उत्तर द्यायचं नाही म्हणून कोरं ठेवलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा बसायची संधी होती, आणि आमच्या वह्या द्यायची मुदत त्याच्यानंतर लगेच. सरांनी कारखान्यात येऊन मिस्त्रींना समजावलं, की परीक्षेत काय खरं ते विचारत नाहीत, पुस्तकात काय लिहिलंय ते विचारतात. मिस्त्रींना हे पटेना. शिक्षक माणूस असं कसं बोलतो, असा त्यांचा चेहरा झाला. मग इंजिनिअर, जो कोपऱ्यात आपला चहा पीत उभा होता, सहज बोलून गेला: "मिस्त्री, गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं ना, तसं समजा."

गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये शहाणपण नसलं तरी ते बदलायचा आपल्याला हक्क नसतो. त्याने भोक तिथे मागितलं तर तिथेच पाडायचं, आणि वाटल्यास खाली शेरा लिहायचा. हे काम मिस्त्री जन्मभर करत आले होते.

"मंग आदी का न्हाय सांगितलंत?" ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी ते पास झाले. एकही प्रश्न सोडला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी कच्च्या कामाचा कागद खिशातून काढून सोबत आलेल्या सरांना दिला. त्याच्यावर कोणत्या प्रश्नात काय चुकलंय ते नंबरवार लिहिलेलं होतं. हे गिऱ्हाइकाला पोचवा, म्हणाले. सरांनी तो कागद खरंच वर पाठवला. उत्तर काही आलं नाही.

प्रमाणपत्र आलं तेव्हा सगळ्या कारखान्याने पेढे खाल्ले. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि कोपऱ्याला निळा अंगठा उमटला. शनिवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून आम्ही नऊ जण वह्या घेऊन टूल रूममध्ये आलो. सोमवारी त्या कॉलेजात द्यायच्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, नऊ सह्या, दहा मिनिटं.

मिस्त्री वही वाचायला बसले. पहिल्या पानापासून. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. आमच्या वह्या अशा कोणी कधी वाचतील असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कॉलेजात तर नुसती जाडी बघत. एकाने लिहिलेला ग्राइंडिंगचा दिवस खरं म्हणजे झाडलोटीचा होता, तो त्यांनी त्याच्याकडून दुरुस्त करून घेतला. रुबीनाच्या वहीत काही निघालं नाही. माझी वही शेवटी आली तेव्हा दुपार झाली होती.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मी काय लिहिलंय ते मला वरून दिसत होतं: पूर्ण दिवस, हाताने पृष्ठभाग सपाट करणे, मिस्त्रींच्या देखरेखीखाली.

"ह्या मंगलवारी मी हितं न्हवतो, बाय," ते म्हणाले. "मी पनवेलला नापास होत होतो."

त्या मंगळवारी मीही तिथे नव्हते. मिस्त्री नाहीत, इंजिनिअर आपल्या कामात, आणि मामेबहिणीच्या नवऱ्याने नवी गाडी घेतलेली. आम्ही घरचे सगळे हरिहरेश्वरला गेलो होतो. देवदर्शन, समुद्र, कोकम सरबत, फोटो. ज्या दिवशी ते माझ्या वर्षासाठी पनवेलला त्या पडद्यासमोर बसले होते, त्या दिवशी मी दगडांवर बसून फोटो काढत होते, आणि परत येऊन त्यांचंच नाव खाली घातलं होतं.

हरिहरेश्वरला गेले होते, एवढंच मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं, पण सुचलं नाही. त्यांनी लाल पेन घेतलं, ती ओळ पट्टी धरून नीट कापली आणि बाजूला 'गैरहजर' लिहिलं. मग सगळे तास पुन्हा मोजले. एक दिवस कमी पडत होता. रुबीनाने आपलं ठेवणीतलं गोड बोलून बघितलं, पहिल्यांदाच उपयोग झाला नाही.

मिस्त्री उठले आणि मॅनेजर साहेबांकडे गेले. परत आले ते टूल रूमची किल्ली घेऊन.

"उद्या आठ वाजता ये," म्हणाले.

रविवारी कारखान्यात देखभालीची दोन माणसं होती आणि आम्ही दोघं. सगळी मशीन्स बंद, पंखे बंद. इतक्या शांततेत कानशीचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मला वाटलं होतं, ते मला काम देऊन बाहेर बसतील. ते माझ्यासमोरच्या वाइसच्या पकडीत स्वतःचा एक तुकडा आवळून घासायला लागले. मंगळवारबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मध्येच एकदा विचारलं, हरिहरेश्वराला भरतीच्या वेली गेल्तीस का ओहोटीच्या? मी म्हटलं, ओहोटीच्या. मग बरा, म्हणाले, भरतीला ते दगड निसरडे असतात.

डबा आम्ही बदामाखाली खाल्ला. मी आईने दिलेली फणसाची भाजी त्यांना दिली, त्यांनी मला बोंबील दिले. दुपारी माझे हात भरून आले. चारला माझा तुकडा झाला. पाटावर ठेवून सरकवला, निळं सगळीकडे सारखं उमटलं. मला स्वतःलाच ते बघत राहावंसं वाटलं. मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि मान हलवली. मी हात पुसून वही पुढे केली.

"अजून अर्धा तास हाय," ते म्हणाले.

मग आम्ही अर्धा तास वाइस पुसले, कानशी ब्रशने साफ केल्या, जागच्या जागी टांगल्या. साडेचारला त्यांनी वही घेतली. आधी त्या रविवारची ओळ मला लिहायला लावली. मग शेवटच्या पानावर, चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, वरची रेघ सर्वांत शेवटी पट्टीने. एवढं व्हायला चांगली पाच मिनिटं लागली.

घरी आल्यावर बाबांनी वही उघडून बघितली. शेवटच्या पानावरची ती अक्षरं बघून म्हणाले, "यांना लिहिता येत नाही वाटतं फारसं."

"येतं," मी म्हटलं. "पण उगाच लिहीत नाहीत."